बावटा चढण्याआधी

पहाटे साडेपाचला मी मच्छीमार सोसायटीचं दार उघडतो. आत डिझेलची वही, बर्फाच्या पावत्या, खुंटीला टांगलेलं एक विटलेलं लाइफ जॅकेट आणि दाराशेजारी काळा फळा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा बंदरात या फळ्यावर रोज दर्याचं हवामान खडूने लिहिलं जातं. गेली काही वर्षं ते काम माझ्याकडे आहे. मे महिन्यातल्या एका सकाळी मी लिहिलं : ‘दक्षिण महाराष्ट्र किनारा. वारा ताशी ४५ ते ५५, झोत ६५ पर्यंत. उद्या संध्याकाळपर्यंत. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’

मागे उभ्या असलेल्या तांडेलाने आधी फळा वाचला, मग दारात जाऊन आभाळ वाचलं. ढगाचा ठिपका नव्हता. पाणी तेल ओतल्यासारखं निवांत. त्याच्या बोटीत बर्फ भरून झाला होता, खलाशी चहा पिऊन तयार होते.

“भाऊ, ह्ये आकडे ऱ्हाऊ देत. जायाचं का नाय, येवढंच सांगा.”

“नाही.”

“का ते तरी सांगा की.”

त्या घाईत मला धड सांगता आलं नाही. तो समुद्रात गेला नाही, पण कुरकुरत घरी गेला. त्याच्या त्या ‘का’चं उत्तर आज सवडीने लिहितो आहे. ते तांडेलांसाठी आहे, नाखव्यांसाठी आहे, आणि मांडव्याच्या बोटीची तिकिटं काढणाऱ्या किंवा सुट्टीत मुलांना घेऊन किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येकासाठीही आहे.

आभाळ कोरं, दर्या भरलेला

डोक्यावरचं आभाळ खोटं बोलत नाही, पण ते फक्त इथलं आणि आत्ताचं बोलतं. दर्याचं हवामान बहुतेक वेळा दुसरीकडे शिजतं आणि आपल्याकडे नंतर पोचतं.

जून २०२३ आठवा. बिपरजॉय हे चक्रीवादळ ६ जूनला अरबी समुद्रात तयार झालं आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ जमिनीवर आलं. मुंबईवर ते आलंच नाही, कित्येकशे किलोमीटर दुरून निघून गेलं. पण १२ जूनला जुहूच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरलेली चार मुलं बुडाली. मुंबईत तेव्हा वादळ नव्हतं. वादळाने हाकललेल्या लाटा मात्र पोचल्या होत्या.

लाटा दोन जातीच्या असतात. एक इथल्या वाऱ्याने उठलेली : आखूड, घाईची, माथ्यावर पांढरा फेस. वारा पडला की तीही पडते. दुसरी लांबून आलेली. हवामानाच्या पत्रकात तिला ‘स्वेल’ म्हणतात. ती दूरच्या वादळात जन्मते आणि वाऱ्याला मागे टाकून आपली आपण चालत राहते. खोल पाण्यात ती रुंद, गुळगुळीत, जवळजवळ आळशी दिसते. बोट वर जाते, खाली येते, चहासुद्धा सांडत नाही. पण किनाऱ्याजवळ उथळ पाणी लागलं की तीच लाट अडखळते, उभी राहते आणि सगळं बळ एकदम ओतते.

हे बळ ओळखायचं कसं? आपण सगळे लाटेची उंची विचारतो. तिच्या शेजारी लिहिलेला दुसरा आकडा कुणी बघत नाही. तो असतो सेकंदांचा : एक माथा गेल्यावर दुसरा माथा यायला लागणारा वेळ. सहा सेकंदांची लाट खोल पाण्यात साधारण ५५ मीटर लांब असते. सोळा सेकंदांची लाट सुमारे ४०० मीटर लांब असते. दोघींची उंची दीड मीटरच लिहिलेली असेल, पण दुसरीच्या पोटातलं पाणी किती पट ते बघा. अशी लाट दिवसाला हजारेक किलोमीटर मजल मारते. म्हणून पत्रकात उंची कमी आणि सेकंद पंधराच्या वर दिसले, तर खडकावर गरवायला बसू नका, खाडीच्या तोंडातून लहान होडी काढू नका आणि वाळूवर ओढलेल्या होड्या आणखी वर घ्या.

मे २०२४ च्या सुरुवातीला हेच घडलं. अरबी समुद्रात वादळ नव्हतं, ऊन चटके देत होतं. तरी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ने, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या आपल्या राष्ट्रीय केंद्राने, ४ आणि ५ मेसाठी उंच लाटांचा इशारा दिला, त्यात आपलाही किनारा होता. त्या लाटा हजारो किलोमीटर दक्षिणेकडच्या महासागरात उठलेल्या होत्या. केरळातल्या कोळ्यांकडे अशा समुद्राला फार नेमका शब्द आहे : कल्लक्कडल. म्हणजे चोर दर्या. पाऊल न वाजवता घरात शिरणारा.

फळ्यावरचे आकडे वाचताना

पत्रकातली भाषा कोरडी असते. पण तिच्यातला एकही शब्द भरतीचा नसतो. पाच गोष्टी बघायला शिका.

पहिली, वारा आणि झोत. ‘४५ ते ५५, झोत ६५’ यातला ६५ हा आकडा बोट उलटवतो. मासे ओढताना, बोट आडवी असताना, एका बाजूला माणसं गोळा झालेली असताना येणारा तो एक फटका. शिवाय वारा दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात तुमची बोट व्यवस्थित चालते, म्हणून ६० मध्ये ‘थोडा जास्त त्रास’ होईल, हा हिशेब चुकीचा आहे.

दुसरी, मोजमाप. कुठे वारा किलोमीटरमध्ये देतात, कुठे नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. मोबाइलवरच्या परदेशी अ‍ॅपमध्ये ‘२८’ बघून एक नाखवा खुशीत निघाला होता. ते २८ नॉट होते, म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या वर. अशा अ‍ॅपमधली वेळही बघा. ती कधीकधी ग्रिनिचची असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. तिथले दुपारचे बारा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच.

तिसरी, लाटेची उंची. पत्रकात दोन मीटर लिहिलेलं असतं, ती सगळ्यात मोठी लाट नव्हे. सगळ्या लाटांमधल्या वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. तासन् तास समुद्रात राहिलात तर तिच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट भेटणारच, असं धरून चाला. दोन मीटरच्या दिवशी चार मीटरची लाट आली तर ‘अचानक आली’ म्हणू नका. ती त्या आकड्यातच लिहिलेली होती.

चौथी, जागा. किनाऱ्याचं पत्रक किनाऱ्यापासून साधारण ७५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्याचं असतं. त्यापलीकडच्या खोल समुद्राचं पत्रक वेगळं. आठ-दहा दिवसांच्या फेरीला जाणारी बोट किनाऱ्याचं पत्रक वाचून निघाली, तर शेजारच्या गावचा बाजारभाव बघून आपला माल विकायला निघाल्यासारखं ते होईल.

पाचवी, मुदत. इशारा कधी निघाला आणि कधीपर्यंतचा आहे. कालचं पत्रक ही शिळी मासळी. दिसायला ताजी असली तरी तिच्यावर जेवण बेतू नये.

याला एक गोष्ट स्वतःहून जोडा, ती पत्रकात नसते : तुमची खाडी. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं आणि समोरून लाट आत येत असते, तेव्हा खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांडीवर, लाट भिंतीसारखी उभी राहते. बाहेर दर्या बरा असतानाही बोटी तिथे उलटतात. आठ दिवस समुद्रात काढून घराचे दिवे दिसू लागल्यावर ही घटका येते, आणि नेमकी तेव्हाच माणसाला घाई असते. बाहेर थांबा. भरतीचं पाणी आत वळू द्या आणि त्याच्यासोबत आत या. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, हे आणखी कसोशीने पाळा.

नावाची वाट बघू नका

वादळाला नाव मिळालं की टीव्ही जागा होतो आणि मग आपण जागे होतो. हा क्रम उलटा आहे.

हवामान खात्याच्या मोजणीत वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटर झाला की कमी दाबाच्या क्षेत्राचं ‘डिप्रेशन’ होतं. ५० च्या पुढे ‘डीप डिप्रेशन’. ६२ ला पोचल्यावर ते चक्रीवादळ होतं आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. ८९ ला तीव्र, ११८ ला अतितीव्र. आता तुमची बोट डोळ्यांपुढे आणा. तिच्यासाठी ६२ पर्यंत थांबायची गरज आहे का? लहान होडीचा खेळ डिप्रेशनमध्येच संपतो. नाव नसलेल्या वाऱ्याने बुडालेला माणूस कमी बुडत नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान हे वादळ असंच आलं. नाव मिळाल्यापासून दिवसभरातच ते ११ नोव्हेंबरला अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलं. ज्यांनी नावाची वाट बघितली त्यांना परतायला वेळच उरला नाही. कोकणातल्या कित्येक घरांतली माणसं त्या फेरीहून आली नाहीत.

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी कन्याकुमारीजवळ असंच भराभर वाढलं. केरळ आणि तामिळनाडूच्या बोटी तेव्हा कित्येक दिवसांच्या फेरीवर खोल समुद्रात होत्या. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर संपते, त्यापुढे त्यांना कोण सांगणार? शेकडो माणसं गेली. जी वाचली त्यातली बरीच वाऱ्यापुढे पळत उत्तरेला आली. देवगडच्या बंदरात तेव्हा दक्षिणेकडच्या ६८ बोटी आणि ९५२ माणसं आसऱ्याला लागली होती. त्यांची भाषा आपल्याला येत नव्हती, आपली त्यांना येत नव्हती. भुकेला दुभाषा लागत नाही.

अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन : पावसाच्या तोंडावर मे-जून आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. हेच आपल्या मासेमारीचेही भरातले दिवस. आगोटीच्या आधीची शेवटची फेरी आणि दिवाळीनंतरच्या फेऱ्या. पूर्वी आपण म्हणायचो, वादळं बंगालच्या बाजूची, आपल्याकडे नुसता पाऊस. २०१९ या एकाच वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली, त्यातलं क्यार तर महाचक्रीवादळ होतं. ३ जून २०२० ला निसर्ग दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात थेट जमिनीवर आलं आणि नारळी-पोफळीच्या उभ्या वाड्या एका दुपारी आडव्या करून गेलं. ते जुनं म्हणणं आता सोडून द्या.

वादळाच्या नकाशावर सुपासारखा रुंद होत जाणारा एक पट्टा असतो. बरेच जण त्यात आपलं गाव शोधतात आणि ते पट्ट्याबाहेर दिसलं की निश्चिंत होतात. तो पट्टा वादळाच्या मध्यबिंदूचा असतो, वाऱ्याचा नव्हे. मध्यबिंदू त्यात कुठेही जाऊ शकतो, आणि वारा त्याच्या दोन्ही बाजूंना शे-दोनशे किलोमीटर पसरलेला असतो. आपल्यासाठी आणखी एक मेख आहे. आपल्या गोलार्धात वादळ ज्या दिशेने चालतं तिच्या उजव्या हाताला वारा जास्त जोराचा. किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाचा उजवा हात म्हणजे कोकण. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईला न शिवता गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वरचे झोत नोंदले गेले. त्याच दिवशी मुंबई हायच्या परिसरात नांगर तुटलेला पी-३०५ हा निवासी बार्ज बुडाला आणि त्यावरची सत्तरहून अधिक माणसं गेली. ‘वादळ दुरून जाणार आहे’ या वाक्यावर जीव टांगू नये.

आणि बंदरातला इशाऱ्याचा बावटा? आमच्याकडे ‘तीन नंबर लागला’ म्हटलं की पोरांनाही कळतं. एक आणि दोन म्हणजे दूर समुद्रात काही घडतं आहे. तीन म्हणजे या बंदराला वादळी वाऱ्याचा धोका, चार म्हणजे वादळाचाच धोका. पाचपासून दहापर्यंत मात्र चढती भाजणी नाही. पाच, सहा, सात हे वादळ बंदराच्या कुठल्या अंगाने जाणार ते सांगतात. आठ, नऊ, दहा तेच मोठ्या वादळासाठी सांगतात. अकरा म्हणजे संपर्कच तुटला. पण बावटा हे शेवटचं बोलावणं. बंदरात असलेल्याला तो दिसतो, ऐंशी किलोमीटर बाहेर असलेल्याला नाही. पत्रक त्याच्या कितीतरी आधी निघालेलं असतं. चक्रीवादळाची पहिली सूचना साधारण तीन दिवस आधी येते, इशारा दोन दिवस आधी, किनाऱ्याचा नेमका इशारा एक दिवस आधी. पहिल्या सूचनेला परत वळणारी बोट आरामात घरी पोचते.

फळा खोटा पडला तेव्हा

आता त्या मे महिन्यातल्या दिवसाचं सांगतो. वारा आमच्याकडे आलाच नाही. संध्याकाळी तोच तांडेल दारात येऊन हसला. “भाऊ, फळा खोटा पडला तुमचा.”

त्याचं हसणं मला टोचलं, पण त्याचं नुकसानही मला माहीत होतं. बर्फ वितळला. खलाशांचा रोज बुडाला. जाळ्यांसाठी घेतलेल्या पैशांचं व्याज एक दिवसही थांबत नाही. शहरात बसून ‘समुद्रात जाऊ नका’ म्हणणं सोपं आहे. पावसाचा अंदाज चुकला तर शहरातला माणूस छत्री उगाच वागवतो. इथे एक चूक म्हणजे घरातली चूल. म्हणून मी कुणाला भित्रा किंवा अडाणी म्हणणार नाही.

पण हिशेब पुरा मांडा. ‘वारा येण्याची दाट शक्यता’ असं दहा वेळा सांगितलं आणि सात वेळा तो आला, तर अंदाज बरोबर होता. उरलेले तीन दिवस ही त्या सात दिवसांची किंमत. वादळाचा मध्य २४ तासांनी कुठे असेल, यात आजही सरासरी ७५ किलोमीटरच्या आसपास चूक होते, आणि तीन दिवसांपुढचं सांगताना ती साधारण दुप्पट. एवढी चूक म्हणजे हर्णै की जयगड, असा फरक. ज्या दिवशी हर्णैला काही झालं नाही, त्या दिवशी जयगडवाल्याला विचारा फळा खोटा होता का.

इशारा चुकला म्हणून पुढचा इशारा न ऐकणं म्हणजे काल चोर आला नाही म्हणून आज कडी न लावणं. आणि फरक असा, की गेलेला रोज पुढच्या फेरीत भरून काढता येतो.

मर्यादा आधी लिहा

इशारा स्पष्ट असेल, ‘जाऊ नये’ लिहिलेलं असेल, तेव्हा विचार करायचं कारणच नाही. खरा प्रश्न मधल्या दिवसांचा असतो. इशारा नाही, पण वारा तीस-पस्तीसचा आहे, लाट पावणेदोन मीटर आहे. मोठ्या ट्रॉलरला ते काहीच नाही. दोन माणसांच्या फायबरच्या होडीला ते खूप आहे. पत्रक सगळ्यांसाठी एकच निघतं. बोट मात्र प्रत्येकाची वेगळी.

म्हणून माझं आवाहन एवढंच आहे : तुमच्या बोटीची मर्यादा तुम्ही आधी ठरवा आणि लिहून ठेवा. निवांत दिवशी, किनाऱ्यावर, बोटीवरच्या सगळ्यांना बसवून. या बोटीने आजवर कुठल्या वाऱ्यात त्रास दिला? किती लाटेला पाणी आत आलं? इंजिन बंद पडलं तर वल्ह्यावर कुठवर येता येईल? त्यातून तीन आकडे काढा : इतक्या वाऱ्यापुढे नाही, इतक्या लाटेपुढे नाही, इतक्या अंतरापुढे नाही. ते केबिनमध्ये रंगाने लिहा. होडीला केबिन नसेल तर फळीवर आतून लिहा.

लिहायचं कारण साधं आहे. पहाटे बर्फ भरलेला असतो, शेजारची बोट सुटलेली असते, लिलावात काल पापलेटला चांगला भाव मिळालेला असतो. त्या घटकेला माणूस आकड्याशी घासाघीस करतो. आधी लिहिलेल्या आकड्याशी घासाघीस करता येत नाही.

आणखी एक. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बंदी उठली, नारळ वाहिला, की सगळ्यांचे पाय जेटीकडे ओढतात. पण बंदी उठणं म्हणजे दर्या निवळणं नव्हे. ती तारीख सरकारी कागदावरची आहे, वाऱ्याने ती वाचलेली नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही पत्रक तितक्याच काळजीने वाचा.

बाहेर असाल तर, परत यायचं असेल तर

निघताना कुठे जाणार, किती जण, कधी परतणार हे सोसायटीच्या वहीत लिहा. शोध घेणाऱ्याला सगळा अरबी समुद्र चाळायला लावू नका. लाइफ जॅकेट अंगात घाला. जाळ्यांखाली दाबून ठेवलेलं जॅकेट बोटीला वाचवत नाही आणि तुम्हालाही नाही. वायरलेस सोळा नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवा, संकटाची हाक तिथेच ऐकली जाते. उपग्रहावरून संदेश देणारं किंवा घेणारं यंत्र बोटीवर असेल तर ते चार्ज करून हाताशी ठेवा. लहानसा बॅटरीचा रेडिओ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या. किनाऱ्यावरच्या घरच्यांनी तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. रात्र झाली आणि बोट आली नाही, तर सकाळपर्यंत वाट न बघता तो लावावा.

इशारा कळला तेव्हा तुम्ही बाहेर असाल, तर आपलंच बंदर गाठायचा हट्ट सोडा. जवळचं बंदर गाठा. मालवणच्या बोटीने जयगडला रात्र काढली तर कुणाचं नाक कापलं जात नाही. शक्य तितकं जाळं ओढा, नाही जमलं तर कापा. जाळं महाग असतं हे मला डिझेलची उधारी लिहिताना रोज दिसतं. तरीही कापा.

वादळ डोक्यावरून जात असताना मधेच वारा पडतो, क्वचित ऊनही पडतं. हा वादळाचा डोळा. थोड्या वेळात उलट्या दिशेने तितकाच वारा येतो. त्या शांततेत होड्या बघायला, पत्रे आवरायला धावणारी माणसं सापडतात. घरातून हलू नका.

पाहुण्यांनो, तुम्हीही

तीन नंबर लागला की गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट बंद होते आणि धक्क्यावर भांडण सुरू होतं. ‘समुद्र तर शांत दिसतोय, आमचं हॉटेल बुक आहे.’ त्या तिकीट खिडकीवरच्या माणसाशी भांडू नका. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळी दर्यात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. घराच्या ओढीने भरलेली ती बोट रायगडातल्या कित्येक घरांत अजून आठवली जाते. रद्द झालेली बोट हा तुमचा अपमान नसतो.

आणि वादळ, पाऊस काही नसतानाही पाण्याशी सलगी करू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये, ऐन थंडीत, मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पाण्यात उतरण्याआधी भरती-ओहोटीची वेळ गावातल्या कुणालाही विचारा, चहाचा टपरीवालाही सांगेल. लाटांच्या रांगेत एखादी जागा सपाट, गढूळ, बिनफेसाची दिसली तर ती सुरक्षित वाटते. बहुधा तिथूनच पाणी वेगाने बाहेर ओढत असतं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला व्हा.

आपल्या हातून होण्यासारखं

समुद्रात पिवळी, दिवा लावलेली तरंगती यंत्रं दिसतात. ती वारा, लाट, पाण्याची उष्णता मोजून उपग्रहावरून किनाऱ्याला कळवतात. त्यांच्या सावलीत मासे जमतात, म्हणून काही जण त्यांना बोट बांधतात, कुणी सौरपत्रा नाहीतर तार काढून नेतात. असं एक यंत्र मुकं झालं की तेवढ्या दर्याचा डोळा जातो, आणि अंदाज तेवढा आंधळा होतो. मग फळा खोटा पडला म्हणून हसायचा हक्क आपल्याला उरत नाही. त्यांच्यापासून लांब राहा आणि दुसऱ्यालाही सांगा.

फोनवर फिरणारे संदेश पुढे ढकलण्याआधी त्यावरची तारीख बघा. प्रत्येक वादळात मागच्या वादळाचे व्हिडिओ येतात. हवामान खात्याचं मुंबई केंद्र, इन्कॉइस आणि आकाशवाणी, या तीन ठिकाणांहून मिळालेलं पत्रकच खरं धरा. गावात ज्याला ते वाचता येतं त्याने न वाचता येणाऱ्याला वाचून दाखवावं. आणि अंदाज चुकला तर चिडण्यापेक्षा कळवा : आमच्याकडे इतक्या वाजता असा वारा होता. पुढचा अंदाज तुमच्या नोंदीने सुधारतो.

त्या तांडेलाने पुढे बोटीत फळी बसवली का, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. पण यंदा दिवाळीनंतरच्या एका पहाटे तो आला, खिशातून तंबाखूची डबी काढली आणि आभाळाकडे न बघता दारातूनच म्हणाला, “भाऊ, झोत किती लिवलाय? आन् कवापर्यंत?”

मी खडू ठेवला आणि फळ्यापुढून बाजूला झालो. त्याने उभ्याउभ्या सगळं वाचलं, बोटांवर काहीतरी मोजलं. मग खलाशांना हाक मारून म्हणाला, “बर्फ भरू नका रं. उद्या बघू.”